टाकीत उतरणारी आपली पोरं : काम थांबवणाऱ्याची हजेरी कापायची नाही, हे कसं जमवायचं?

मंद्रूपचा_मुकादम

नमस्कार मंडळी. मी १८-२० पोरांची गँग घेऊन रिफायनरी, तेलाचे डेपो, टर्मिनल असल्या ठिकाणी शटडाऊनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची कामं करतो. टाकी सफाई, स्पेड मारणं (लाईनीत आडवी चकती घालून ती पक्की बंद करणं), फिटरच्या हाताखाली हेल्परी, जे मिळंल ते. पोरं सगळी आपल्याकडचीच हायेत, मंद्रूप, वळसंग, अक्कलकोट तालुक्यातली, चार-पाच साखर पेठेतली तेलुगू बोलणारी, कारखान्यात माग कमी झाले तशी त्यांनी ही वाट धरली.

मागच्या महिन्यात एका ठिकाणी (नाव घेत नाही, पोट तिथंच हाय) क्रूडच्या, म्हणजे कच्च्या तेलाच्या टाकीत गाळ काढालो होतो. सकाळी गॅस टेस्ट झाली, परमिट आलं, पोरं उतरली. अकराच्या सुमाराला एकजण फावडं टेकवून खाली बसला. बाहेर मॅनहोलजवळ त्याचाच चुलतभाऊ होता, त्यानं बघितलं आणि तोंडाला रुमाल बांधून सरळ आत शिरायला लागला, कमरेपर्यंत गेला पण. स्टँडबायला, म्हणजे बाहेरनं लक्ष ठेवायला जो होता त्यानं मागनं पट्टा धरून वढला म्हणून राहिला. आतल्याला दोरीनं वढून काढला, ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत बरा झाला. दोघंबी आज धडधाकट हायेत, पण मला तवापासून झोप नाही. दोघांच्या आया एकाच वाड्यात राहतात, मी काय तोंड दाखवलं असतं?

नंतर विचारलं तर बसलेला पोरगा म्हणला, मामा अर्ध्या तासापासून डोकं गरगरत होतं, पण वर आलो असतो तर अर्धी हजेरी लागली असती. आणि हे खरं हाय. तो नियम माझाच होता. वर आला, काम केलं नाही, तर अर्धी हजेरी. आणि परमिट सगळं इंग्रजीत, मी गेटवर घाईत सही केली, काय लिहिलंय ते वाचलं नाही, पोरांना सांगायचं तर लांबच. चूक माझी हाय हे इथं सगळ्यांसमोर सांगालोय.

पुढच्या महिन्यात परत एक टाकी हाय. त्याच्या आत मला माझ्या गँगपुरतं तरी बदलायचंय. हेल्मेट-बूट सगळे देतात, ते विचारत नाही. ज्यांनी या लाईनीत वर्षं काढलीत त्यांनी खरं काय चालतं ते सांगा.

जुना_ऑफशोअर

मुकादम, तुम्ही स्वतःची चूक आधी सांगितलीत, निम्मं काम तिथंच झालं. मी ३१ वर्षं समुद्रात आणि जमिनीवर काढली, आता जुळे सोलापुरात असतो.

सकाळच्या गॅस टेस्टवर दिवस काढायचा नाही ही पहिली गोष्ट. गाळ म्हणजे झाकलेलं भांडं आहे. वरून हवा चांगली दिसते, फावडं घातलं की आतला गॅस सुटतो, म्हणजे पोरं जसजशी काम करतात तसतशी हवा खराब होत जाते, उलट नाही. त्यामुळे मीटर माणसाच्या छातीवर पाहिजे, चालू पाहिजे, आणि टेस्ट घेताना वर, मध्ये आणि तळाशी तिन्हीकडे नळी सोडून घ्यायची, कारण हायड्रोकार्बनची म्हणजे तेलाची वाफ आणि एच टू एस (हायड्रोजन सल्फाईड हा विषारी गॅस) दोन्ही हवेपेक्षा जड, तळाला बसतात. मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून ओके लिहिणारे मी स्वतः पाहिलेत.

ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आकडा आला की उतरायचं नाही. एच टू एस चं तर पोरांना पाठ करायला लावा. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणतात ते थोड्या प्रमाणात. शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच मरतं, वास यायचा बंद होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. त्याच्या कितीतरी वर चढला तर दोन-चार श्वासात आडवा. रुमाल, कोविडचा मास्क, धुळीचा मास्क, यातल्या एकानेही काही होत नाही. कॅनिस्टरवाला मास्क सुद्धा हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही.

दुसरं म्हणजे व्हॉल्व बंद केला म्हणजे लाईन बंद झाली असं धरायचं नाही. टाकीला जोडलेल्या प्रत्येक लाईनीत स्पेड मारलेला स्वतः डोळ्यांनी बघायचा, हात लावून. तुमची पोरं स्पेड मारतात म्हणजे त्यांना हे दाखवायला लागणार नाही, पण दुसऱ्या गँगने मारलेला स्पेड पण बघितलाच पाहिजे.

आणि क्रूडच्या टाकीत काळी भुकटी किंवा पापुद्रे दिसले तर वाळू देऊ नका, ओले ठेवा. लोखंडाचा सल्फाईड असतो तो, हवेत कोरडा झाला की आपोआप तापतो, ठिणगी लागत नाही त्याला.

मंगळवेढा_मालदांडी

माझा तेलाशी काही संबंध नाही, शेतकरी माणूस. पण धागा वाचून आजोबा आठवले. आमच्याकडे ज्वारी पेवात ठेवायचे, जमिनीत खोल खड्डा, तोंड बारीक, आत मोठं. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीला बांधून सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. आणि आजोबांचं सक्त सांगणं, एक आत पडला तर दुसऱ्याने त्याच्या मागं जायचं नाही, आधी दोरी. आमच्या पंचक्रोशीत पेवात एकामागं एक तिघं गेल्याची गोष्ट म्हातारी माणसं सांगत. म्हणजे हे आपल्या लोकांना माहीत होतं, मधल्या काळात विसरलो का काय.

जुना_ऑफशोअर

@मंगळवेढा_मालदांडी काका, हे उदाहरण पोरांच्या डोक्यात बसेल, इंग्रजी परमिटने बसत नाही ते. फक्त एक हात जोडून सांगतो, तेलाच्या टाकीत कंदील म्हणजे मरणच, तिथे मीटर हाच कंदील समजायचा. आतला दिवा पण २४ व्होल्टचा, फ्लेमप्रूफच पाहिजे.

दुसऱ्याच्या मागं जायचं नाही हे तर या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुःख आहे. जयपूरला सीतापुरातल्या तेलाच्या डेपोत २९ ऑक्टोबर २००९ ला आग लागली, १२ माणसं गेली, आग आठवड्याहून जास्त दिवस जळत होती. तिथे संध्याकाळी पेट्रोलच्या लाईनीवर हॅमर ब्लाइंड व्हॉल्व (लाईन पक्की बंद करायचा व्हॉल्व) चालवताना पेट्रोल कारंज्यासारखं उडालं, चालवणारा वाफेने गुदमरला, त्याला बघायला दुसरा आला तोही सापडला. पेट्रोल तासाभराहून जास्त वेळ सांडत राहिलं, बंद करायला जवळ जाता येईना, वाफेचा ढग पसरत गेला आणि मग पेटला. आपल्याकडे पाकणीला पण डेपो आहेत म्हणून हे सगळ्या सोलापूरकरांनी ऐकून ठेवावं असं वाटतं.

टीटी_ड्रायव्हर_पाकणी

डेपोचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी टँकर चालवतो १४ वर्ष झाली, पाकणीवरनं भरून लातूर, धाराशिव, कधी विजापूर. लोकांना वाटतं आग हीच भीती, पण आमच्यातली माणसं जास्त करून वरनं पडून मोडतात. टँकरच्या डोक्यावर चढायचं, डिप घ्यायचा म्हणजे पट्टी टाकून तेल किती ते बघायचं, झाकण लावायचं, पावसाळ्यात वर डिझेलचा ओशट थर आणि खाली काँक्रीट. डेपोत वर लाईफलाईन असते हार्नेस अडकवायला, पण पंपावर खाली करताना काय असतं, काहीच नाही. माझ्या किन्नरचा (गाडीवरच्या क्लीनरचा) मागच्या वर्षी खांदा निखळला, तो वरनं मला पावती द्यायला वाकला होता एवढंच.

माझं म्हणणं एकच हाय की पंपावर पण वर चढायची वेळच येऊ नये अशी सोय करा, नाहीतर घडीचं रेलिंग तरी लावा टँकरला.

अर्थिंगचं पण सांगतो कारण नवीन पोरं हसतात. अर्थिंगची क्लिप आधी लावायची, मग होज. काढताना होज आधी, क्लिप शेवटी. रंगावर लावली तर काही उपयोग नाही, पत्रा उघडा पाहिजे. गाडी भरली की लगेच डिप टाकायचा नाही, थोडा वेळ थांबायचं, तेल वाहताना त्यात चार्ज जमतो तो उतरायला वेळ लागतो. नायलॉनचा शर्ट घालायचा नाही. आधी पेट्रोल होतं त्या कप्प्यात डिझेल भरताना तर जास्तच सांभाळायचं, कारण आत पेट्रोलची वाफ शिल्लक असते आणि डिझेल चार्ज धरतं.

झोपेचं कुणी बोलत नाही. कायद्यानं आठ तास लिहिलेत, पण रात्री भरून निघालं आणि सकाळी पंपावर रांग असली की कुठले आठ तास. मालकाला फोन केला की झोप आलीय, थांबतो, तर म्हणतो दुसरा ड्रायव्हर लावू का. म्हणजे मुकादम तुमची अर्धी हजेरी आणि आमची दुसरा ड्रायव्हर एकच गोष्ट झाली.

अक्कलकोट_ताई

मी कधी लिहीत नाही इथं, वाचते फक्त. माझे मिस्टर गॅसच्या पाईपलाईनच्या चरात गेले, सहा वर्षं झाली. काळी माती, आदल्या रात्री पाऊस झालेला, चर माणसापेक्षा खोल, आणि उकरलेली माती काठालाच टाकलेली. वेल्डिंगचा जॉइंट बघायला खाली उतरले आणि बाजू बसली. कंपनी, तिच्या खाली ठेकेदार, त्याच्या खाली पेटी ठेकेदार, तिसऱ्यानं सांगितलं हा आमचा माणूसच नव्हता. आमच्याकडं हजेरीचा कागद नाही, नेमणुकीचा नाही, काहीच नाही. शेवटी त्यांच्या मित्राच्या मोबाईलमधला गेटपासचा फोटो सापडला त्याच्यावर केस उभी राहिली. चार वर्षं गेली.

नंतर कळलं की दीड मीटरपेक्षा खोल चर असला तर बाजूला फळ्या मारायच्या नाहीतर उतार द्यायचा आणि माती काठापासून लांब टाकायची असा नियमच आहे. फळ्या किती रुपयांच्या येतात हो? मी लाकडाच्या वखारीत जाऊन विचारलं होतं तेव्हा. मला माहीत आहे किती.

मुकादम भाऊ, तुमच्या पोरांच्या घरी एक कागद ठेवा. त्याच्यावर मोठ्या कंपनीचं नाव, तुमचं नाव, कामाचं ठिकाण, ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर, पीएफचा नंबर, आणि गेटपासचा फोटो बायकोच्या नाहीतर आईच्या मोबाईलवर. पगार रोख नको, खात्यावर. ईएसआय असलं तर माणूस कामावर असताना अपघातात दगावल्यावर घरच्यांना पगाराच्या ९० टक्के पेन्शन बसते, नसलं तर भरपाईच्या कायद्याखाली जावं लागतं, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, आणि त्यात मधल्या ठेकेदारानं हात वर केले तरी मोठ्या मालकावर जबाबदारी येते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी पोरं दोन वर्षं मामाकडं राहिली नसती.

मंद्रूपचा_मुकादम

ताई, तुमचं वाचून काय लिहावं कळंना. कागद करतो. उद्याच्या उद्या करतो, सगळ्यांच्या घरी स्वतः जाऊन देतो.

फॅब_ठेकेदार

मी इथं शिव्या खायला तयार होऊन लिहितोय पण दुसरी बाजू पण आली पाहिजे. चिंचोळीला माझं वर्कशॉप आहे, डेपोत आणि प्लांटमध्ये पाईपिंगची कामं घेतो. टेंडर कमी रेटवाल्याला जातं. मी स्टँडबाय माणूस वेगळा धरला, मीटर दोन धरले, ब्लोअर धरला तर माझा रेट वर जातो आणि काम दुसऱ्याला जातं, तो यातलं काहीच आणत नाही आणि तिथंच काम करतो. मग पुढच्या वेळी मी पण काढून टाकतो. सेफ्टीचे पैसे टेंडरमध्ये वेगळ्या ओळीत धरा, ज्याच्यात कुणाला कमी कोट करता येणार नाही, हे मी तीन मीटिंगमध्ये बोललो. एका ठिकाणी त्यांनी केलं, ब्लोअर, मीटर, स्टँडबाय यांचे दर त्यांनीच ठरवून दिले, बिल प्रत्यक्ष दिसलं तरच. ते काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात निवांत काम झालं.

राहिलं हजेरीचं. काम थांबलं तर मला पण कंपनी पैसे देत नाही, मी खिशातनं कुठवर देऊ?

शारजाहून_बार्शीकर

@फॅब_ठेकेदार, शिव्या कशाला, तुम्ही मुळावरच बोट ठेवलंत. मी बारा वर्षं सेफ्टीमध्ये आहे इकडे, मूळचा बार्शीचा. हिशोब असा करून बघा. थांबलेल्या दोन तासांची १५ माणसांची मजुरी किती होते, आणि एक माणूस टाकीत आडवा झाला तर साईट किती दिवस बंद राहते. हे मांडून मी एका ठेकेदाराकडून लेखी घेतलं की थांबलेला वेळ चालू वेळ म्हणूनच धरायचा, आणि त्याने ते पुढच्या कोटेशनमध्ये आयडल टाईम म्हणून टाकलं. पहिल्यांदा कंपनीने कापलं, दुसऱ्यांदा मान्य केलं.

थांबायचा अधिकार सगळीकडे कागदावर आहे, कार्ड गळ्यात घालून देतात, फोटो काढतात. माणूस ते कधी वापरतो? त्याच्या आधी ज्याने वापरलं त्याचं काय झालं हे बघून वापरतो. पहिल्या माणसाला तुम्ही कसं वागवलं त्याच्यावर पुढची पाच वर्षं ठरतात. म्हणून पहिला थांबवणारा चुकीचा असला, मीटरची बॅटरी डाऊन होती नि उगाच वाजला असला, तरी त्याला सगळ्यांसमोर चांगलं म्हणायचं.

माझा राग आहे तो गेटवरच्या त्या बोर्डावर. अपघाताविना इतके इतके दिवस, आणि दिवस पूर्ण झाले की सगळ्यांना बक्षीस. पोराचं बोट चेचलं की त्याला रूमवर बसवतात, हजेरी पूर्ण लावतात, सांगतात रजिस्टरला नाव घालू नको, सगळ्यांचं बक्षीस जाईल. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला १५ जण गेले, सगळी ठेकेदाराची माणसं, युनिटच्या जवळ ठेवलेल्या ट्रेलर-ऑफिसात आणि त्याच्या आसपास असलेली. तिथले किरकोळ इजांचे आकडे चांगले होते. चेचलेली बोटं मोजत बसले आणि युनिटचा टॉवर तेलाने नको तेवढा भरत चाललाय तिकडे लक्ष नाही. आपल्या गँगमध्ये उलटं करा, थोडक्यात वाचलो असं जो सांगेल त्याचं नाव घेऊन आभार माना रोज सकाळी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करायच्या आधीच्या बोलण्यात. तुमच्या त्या रुमालवाल्या पोरालाच पहिलं बोलू द्या.

सिस्टर_सोलापूर

उन्हाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मी नर्स आहे, एप्रिल-मे मध्ये सोलापूर ४३-४४ ला जातं ते सगळ्यांना माहीत, पण पोरं म्हणतात आम्ही सोलापूरचे, आम्हाला ऊन काय करतंय. टाकीत पत्रा तापलेला, अंगात पूर्ण कव्हरॉल, वारा नाही, तिथे सोलापूरकर असण्याचा काही फायदा नाही. जास्त करून नवीन माणूस आणि सुट्टीवरून परत आलेला माणूस पडतो, पहिल्या काही दिवसांत. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेने सांगितलंय की अगदी नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचव्या हिश्श्याएवढंच द्यायचं आणि रोज तेवढंच वाढवत न्यायचं. पाणी तहान लागल्यावर नाही, दर १५-२० मिनिटांनी एक पेला. नुसता चहा आणि तंबाखूवर दिवस काढणारी पोरं सगळ्यात आधी पडतात.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, चिडायला लागला, झोकांड्या खायला लागला तर त्याला प्यालाय का विचारत बसू नका. सावली, कपडे सैल, अंगावर भरपूर पाणी, काखेत-मानेला बर्फ, आणि ॲम्ब्युलन्स. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करा मग हलवा. आणि टाकीत चक्कर आली तर ऊन असो का गॅस असो, आधी गॅसच धरून चाला.

साखरपेठ_१९

मुकादम मामा मी तुमच्याच गँगमध्ये होतो दोन वर्षामागं, ओळखलं असाल. परमिटचं जे आहे ना, आमच्या पोरांना मराठी बोलता येतं पण कुणी भरभर वाचलं की कळत नाही, हो हो म्हणून मान हलवतो आम्ही. मी तेलुगूत बोलून रेकॉर्ड करून देतो, व्हॉट्सॲपवर टाका, कुणी कुठं पण ऐकंल. अक्कलकोटच्या पोरांसाठी कन्नडमधे कुणीतरी करा.

जुना_ऑफशोअर

हे फार चांगलं. परमिट म्हणजे फक्त परवानगी नाही, एका पाळीने दुसऱ्या पाळीला सांगितलेली गोष्ट आहे, आणि ती गोष्ट ऐकणाऱ्याला कळली नाही तर कागद वाया.

६ जुलै १९८८, उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा प्लॅटफॉर्म. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व दुरुस्तीला काढला आणि त्या जागी नुसती चकती बसवली. काम संध्याकाळपर्यंत झालं नाही. रात्रपाळीच्या हातात ते परमिट पोचलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, त्यांनी हा चालू केला, चकतीच्या जागेतून गॅस सुटला आणि स्फोट झाला. १६७ माणसं गेली. चौकशी समितीने १०६ सूचना दिल्या आणि जगभरचे नियम त्यावरून बदलले, आम्हाला ट्रेनिंगमध्ये दर वेळी हेच शिकवायचे.

आपल्याकडचं सांगतो. २७ जुलै २००५, बॉम्बे हाय नॉर्थ. मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो, टीव्हीसमोर बसून बघितलं, आदल्या दिवशी मुंबई बुडालेली. मदतीच्या जहाजावरच्या आचाऱ्याचं बोट कापलं होतं, त्याला प्लॅटफॉर्मवरच्या डॉक्टरकडे द्यायला जहाज जवळ आलं, समुद्र खवळलेला, जहाज गॅसच्या रायझरवर (समुद्राच्या तळाकडून वर येणाऱ्या पाईपवर) आपटलं आणि आग लागली. २२ जण गेले. ओळखीचे होते त्यात. आचाऱ्याला मदत करायला सगळे धावले, त्यात कुणाची नियत वाईट नव्हती, पण या वाऱ्यात या बाजूने यायचं नाही असं ठामपणे म्हणून थांबवणारा कुणी त्या क्षणी नव्हता असं मला आजही वाटतं. आणि मी तिथे असतो तर मी तरी थांबवलं असतं का, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय.

मुकादम, तुमच्या पोरांकडून एक सराव करून घ्या, टाकीवर जायच्या आधी, गावातच. चोवीस इंची मॅनहोल म्हणजे केवढं ते त्यांना अंगाने कळू दे. त्यातून बेशुद्ध माणूस ओढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

मंद्रूपचा_मुकादम

धागा वर काढालोय, काम संपवून परवा आलो. जे केलं ते सांगतो.

जायच्या आधी आठ दिवस आमच्या खळ्यात सिमेंटच्या पाईपाचा चोवीस इंची तुकडा उभा रोवला. त्याच्या पलीकडं ज्वारीचं पोतं, त्याला हार्नेस घातला, साठ किलो भरलं. अलीकडनं दोरीनं वढायचं. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, पोतं तोंडात अडकलं, पोरं घामाघूम झाली आणि सगळी गप बसली. कुणाला काही समजावून सांगायला लागलं नाही. चार दिवसांनी तीन मिनिटांवर आलो. जुने ऑफशोअर काका स्वतः जुळे सोलापुरातनं येऊन दोन संध्याकाळ बसले, त्यांचे उपकार हायेत. पेवाची गोष्ट आमच्या आज्जीनं सांगितली पोरांना, तिला आमच्या शिवारातली दोन पेवं माहीत होती.

स्टँडबायला कधीच नातेवाईक ठेवायचा नाही असं ठरवलं. हे मला कुणी शिकवलं नाही, ते माझं मलाच कळलं. भाऊ आत असला की माणूस नियम विसरतोच, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

हजेरीचं : शारजाच्या बार्शीकर भाऊंनी कोटेशनचा तो आयडल टाईमचा मजकूर मला पाठवला, मी माझ्या वरच्या ठेकेदाराला दाखवला. तो नाही म्हणला. मग मी पोरांना सांगितलं की थांबलेल्या वेळेची हजेरी मी माझ्या कमिशनमधनं देणार, आणि ते लिहून खोलीच्या भिंतीला लावलं.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला आतल्या पोराचा मीटर वाजला. हा तोच रुमालवाला, आता तो आत होता आणि स्टँडबायला साखर पेठेतला पोरगा. त्यानं शिट्टी मारली, चौघंबी दोन मिनिटात बाहेर. एलईएल १४ दाखवत होता, म्हणजे गॅस पेट घ्यायला जेवढा लागतो त्याच्या १४ टक्के. इंजिनिअर आला, चिडला, म्हणला सकाळी शून्य होतं, मीटर खराब असंल, चला उतरा. पोरगा म्हणला साहेब परत टेस्ट करा, मग उतरतो. एवढंच बोलला, आवाज बी चढवला नाही. परत टेस्ट केली तर खाली बारा-तेरा आलं. बघितलं तर ब्लोअरची नळी क्लँपमधनं निसटून बाहेरच फिराली होती. ती बसवून, हवा खेळवून परत उतरायला सव्वापाच वाजले. पावणेतीन तास. अठरा माणसांची पावणेतीन तासांची मजुरी मी दिली, रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं कुणामुळं थांबलो आणि का. इंजिनिअर साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी टूलबॉक्स टॉकला स्वतः आले आणि त्या पोराचं नाव घेऊन बोलले, हे पण लिहायला पाहिजे. बिल लावताना तो वेळ त्यांनीच सही करून दिला, ठेकेदारानं अजून पैसे दिले नाहीत, मागं लागलोय.

टीटी ड्रायव्हर भाऊंच्या रेलिंगचं मी डेपोतल्या एका अधिकाऱ्याला बोललो, त्यांनी लेखी द्या म्हणलंय, भाऊ तुम्ही आणि मी मिळून लिहू.

सिस्टरांचं ऐकून दोन नवीन पोरांना पहिले तीन दिवस आत सोडलंच नाही, बाहेर पाणी आणि दोरी सांभाळायला ठेवलं. त्यातला एक नाराज होता, नंतर गप झाला.

ताई, तुमचा कागद १८ घरांत गेलाय. तीन घरांत ईएसआयचा नंबरच नव्हता, माझ्याच चुकीनं राहिलेला, काढून घेतला. एका घरात पोराची आई म्हणली हे असलं अशुभ कशाला आणलंस, मी म्हणलो ताईंचं सगळं वाचून दाखवतो, तिनं ऐकलं आणि कागद देवाच्या फोटोमागं ठेवला.

आता अडलंय ते कन्नडचं. तेलुगू रेकॉर्डिंग झालं, मराठी माझ्या आवाजात केलं, पण अक्कलकोट तालुक्यातली सहा पोरं घरी कन्नड बोलतात आणि त्यांच्या आया-बायकांना कागदावरचं वाचता येत नाही. कुणी चांगलं कन्नड बोलणारं असंल, बाईचा आवाज असला तर अजून बरं, दहा मिनिटांचं काम हाय. पुढची गँग पंधरा तारखेला निघती.

अक्कलकोट_ताई

मी करते भाऊ. माझं माहेर इंडीचं, कन्नडच बोलतो आम्ही घरी. कागद पाठवा.